'बघूया तरी' म्हणणाऱ्यांसमोर पोकर खेळायचं कसं?

किलवरचा_गुलाम (धागाकर्ता), रविवार, दुपारी १२:१०

मंडळी, काल रात्री ९०० रुपये हरलो. रकमेचं दुःख नाही, कोणाकडून हरलो त्याचं आहे.

आमचा मुलुंडचा सहा जणांचा कंपू आहे. आधी दिवाळीला तीनपत्ती आणि एरवी मेंढीकोट असं ठरलेलं. मागच्या वर्षी पणजीला कॅसिनोच्या बोटीवर जाऊन आलो आणि तेव्हापासून दर शनिवारी मित्राच्या हॉलमध्ये पोकर, म्हणजे टेक्सास होल्डेम: हातात दोन पानं, बोर्डवर सगळ्यांची मिळून पाच, त्यातून सगळ्यात भारी पाच धरायची. पाचशेची बसणावळ, ब्लाइंड (दोघांनी पानं बघण्याआधीच लावायचे पैसे) पाच-दहा. सहापैकी चौघांना अजून स्ट्रेट (ओळीने पाच पानं) मोठा की फ्लश (पाचही एकाच रंगाची) हे कागदात बघावं लागतं. कागद फ्रिजवर चिकटवलाय. कोणी उठून फ्रिजकडे गेलं की समजायचं, काहीतरी लागलंय.

मी मात्र चार महिने जाता-येता लोकलमध्ये व्हिडिओ बघतोय. पोझिशन, पॉट ऑड्स, रेंज, सगळं. आणि दर वेळी मीच खिसा झाडून घरी येतो.

कालचंच सांगतो. मला दोन एक्के आले. नियमाप्रमाणे तीस रुपये केले. पाचही जण आत! एकानेही टाकली नाहीत पानं. फ्लॉपवर, म्हणजे बोर्डवरच्या पहिल्या तीन पानांत, राजा, सत्ती, दुर्री. मी नव्वद लावले, दोघं राहिले. टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, दीडशे लावले, आता फक्त मित्राची बायको राहिली. शेवटी वहिनींनी सत्ती-दुर्री दाखवली. जगात सगळ्यात वाईट मानलेली दोन पानं! का खेळलात विचारलं तर म्हणाल्या, "माझा वाढदिवस सात फेब्रुवारीचा."

नंतर एका डावात बोर्डवर तीन बदाम होते. माझ्याकडे काही नव्हतं, तरी फ्लश लागल्याच्या थाटात पॉटएवढे, म्हणजे मध्ये जमले होते तेवढे, पैसे लावले. समोरच्याकडे छक्क्यांची जोडी. दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "बघूया तरी." आणि बघितलं.

प्रश्न असा, की ज्यांना काहीच कळत नाही त्यांच्यासमोर कळणाऱ्याने खेळायचं कसं?

टवाळ, १२:२२

सात-दोनला जन्मलेल्यांशी खेळू नये एवढं सोपं आहे.

हिशेबनीस, १२:५८

गुलामराव, तुमच्या वहिनींची काही चूक नाही. तुमचीच आहे, आणि ती टेबलावर बसताक्षणी झाली.

दोन एक्के एकाच माणसासमोर, त्याची कुठलीही पानं धरली तरी, साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. तेच पाच जण आत आले आणि शेवटपर्यंत राहिले तर ४९ टक्के. एक्के तेच, गर्दी वाढली. म्हणजे तुम्ही 'हमखास' म्हणून बसलात आणि प्रत्यक्षात तो छापा-काटा होता. बरं, दोन एक्के येतात सरासरी २२१ डावांत एकदा. हाताने पिसून वाटलं तर तासाला वीस-पंचवीस डाव होतात. म्हणजे चार तास बसलात तरी निम्म्याहून जास्त शनिवार एक्क्यांशिवायच जाणार. जेव्हा येतील तेव्हा तीस रुपयांत पाच पाहुणे कशाला बोलवायचे?

तीस रुपये हा व्हिडिओतला आकडा आहे. तिथे समोरचा तीसला घाबरतो. तुमच्याकडे तीस म्हणजे वडापाव आणि कटिंग. सत्तर करा. तरी दोघं येतील, पण दोघंच येतील.

केळफूल, १:१५

सत्तर केले तर सगळेच पानं टाकतील ना? मग एक्क्यांवर पंधरा रुपये मिळाले काय आणि न मिळाले काय.

हिशेबनीस, १:२१

केळफूलताई, 'बघूया तरी' संप्रदाय सत्तरला पळत नाही. पळालाच तर पुढच्या वेळी पन्नास करा. आपल्या टेबलाचा आकडा आपणच शोधायचा, तो कुठल्याही व्हिडिओत सापडत नाही.

अण्णा_गिरगाव, २:४०

जेवून उठलो आणि धागा वाचला. आमच्या वेळी कोजागिरीला गच्चीवर दहा पैसे पॉइंटने रमी चालायची. दूध आटेपर्यंत ज्येष्ठ मंडळी आणि आटल्यावर आम्ही पोरं. पोकर मी खेळलो नाही, पण एक दिसतंय. तुमची मंडळी पोकर खेळतच नाहीयेत. ती तीनपत्ती खेळतायत, फक्त पानं जास्त आहेत.

तीनपत्तीत माणूस ब्लाइंड खेळतो, पानं न बघता चाल लावतो आणि त्याचं कौतुक होतं. लवकर पॅक होणाऱ्याला 'घाबरला रे घाबरला' म्हणतात. ज्याला लहानपणापासून दर दिवाळीत ते ऐकवलं तो आता तुमच्या दीडशे रुपयांना पानं टाकेल होय?

हिशेबनीस, २:५२

अण्णा, हे मला सुचलं नव्हतं. शंभर टक्के मान्य.

आणि त्यातच बदामांच्या डावाचं उत्तर आहे. पॉटमध्ये समजा ३०० आहेत आणि तुम्ही ३०० ची थाप मारलीत. ती निम्म्याहून जास्त वेळा पचली तरच फायदा. दीडशेची मारलीत तर तीनात एकदा पचली की बरोबरी. आता मनाला विचारा, तुमच्या हॉलमध्ये दहापैकी किती वेळा समोरचा पानं टाकतो? दोनदा? मग थाप मारायचीच नाही. वाईट पानांवर गप्प बसायचं आणि चांगल्या पानांवर लाज न बाळगता पैसे लावायचे. जो 'बघूया तरी' म्हणतो त्याला बघण्याची किंमत भरायला लावायची, एवढाच खेळ आहे.

गोटू, ३:३०

थोडा असहमत. हिशेबनीस म्हणतात तसं मी वर्षभर खेळलो, गोरेगावच्या आमच्या ग्रुपमध्ये. पैसे मिळाले, पण मित्र कंटाळले. "हा हलला की पानं टाका" असं उघड बोलायला लागले. दोन महिन्यांनी माझ्या एक्क्यांना गिऱ्हाईक मिळेना. नवखे काही मठ्ठ नसतात हो. पत्त्यांचं गणित येत नसेल, पण माणसं वाचता येतात. सासूबाईंचा मूड दारातून ओळखणाऱ्या बायकांना तुमचा चेहरा वाचता येणार नाही?

टवाळ, ३:३४

गोटू, मग त्या दिवसापासूनच थापा सुरू करायच्या ना! दोन महिने साधू म्हणून नाव कमावलंय, ते एका रात्रीत वटवायचं.

गोटू, ३:४१

वटवलं. एकदाच. नंतर परत सगळे 'बघूया तरी'. :)

पश्चिम_रेल्वे, ५:०५

आमच्या विरारच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर पुठ्ठा ठेवून बोरिवली ते चर्चगेट मेंढीकोट चालतो. माझं ठाम मत आहे की मेंढीकोट पक्का असलेला माणूस पोकरमध्ये भारी पडतो. कुठली दश्शी गेली, कोणाकडे हुकूम शिल्लक आहे, सगळं डोक्यात असतं.

हिशेबनीस, ५:२०

त्याचा उपयोग शून्य. पोकरमध्ये दर डावाला कॅट नव्याने पिसतात. गेलेलं पान परत येतं.

पश्चिम_रेल्वे, ५:३३

पान परत येतं, माणूस नाही बदलत. 'हा कधी दश्शी टाकतो' हे लक्षात ठेवायची सवय लागते, मी त्याबद्दल बोलतोय. आमच्यातले एक काका उतारी करताना चष्मा वर सरकवतात. समजायचं, हुकूम संपला.

सदाफुली, ६:१०

आमच्याकडे फ्रिजवरच्या कागदावरून खरंच भांडण झालं होतं. सासरे म्हणाले, सिक्वेन्स (तीनपत्तीतला स्ट्रेट) नेहमी कलरपेक्षा (तिथला फ्लश) मोठा. नवरा म्हणाला, नाही, पोकरमध्ये फ्लश मोठा. दोघंही बरोबर कसे?

हिशेबनीस, ६:४४

हा माझा आवडता प्रश्न! जे दुर्मीळ ते मोठं, असा साधा नियम. तीन पानांचे एकूण २२,१०० प्रकारचे हात होतात. त्यात साधा सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून मोठा. पाच पानांत उलटं होतं. स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८. म्हणून तिथे फ्लश मोठा. सासरे आणि नवरा, दोघांनाही चहा द्या.

गंमत पुढे आहे. तीनपत्तीत ट्रेल (तीन सारखी पानं) सगळ्यात मोठी ना? ट्रेलचे हात ५२ आणि प्युअर सिक्वेन्सचे (एकाच रंगातल्या सिक्वेन्सचे) ४८. म्हणजे नियमाने प्युअर सिक्वेन्स मोठा हवा. पण तीन एक्के दाखवून हरायचं हे कुठल्या माणसाला सहन होईल?

अजून एक खाचखळगा सांगून ठेवतो. तीनपत्तीत एक्का-दुर्री-तिर्री ही एक्का-राजा-राणीच्या खालोखाल मोठी धरतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान स्ट्रेट. त्यावर आपला माणूस सगळे पैसे लावून बसतो आणि समोर छक्कीपर्यंतचा स्ट्रेट निघतो.

अण्णा_गिरगाव, ६:५९

मी तीन एक्के घेऊन ४८ वाल्यांशी कोर्टात जाईन.

वकिलीण_बाई, ८:२५

कोर्टाचं नाव निघालंच आहे तर जरा रसभंग करते.

आपल्याकडे जुगाराविरुद्धचा १८८७ चा कायदा अजून लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कौशल्याचा खेळ ठरवलं. खटला सिकंदराबादच्या एका क्लबचा होता. त्याच निकालात तीन पानांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा म्हटला आहे, तेव्हा अण्णांनी जपून. पोकरवर एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकरचं नाव घेऊन सूट दिली आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारात धरला. आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचा प्रश्न ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने निकालात निघाला. कौशल्य असो की नशीब, ऑनलाइन पैशांचे खेळ बंद.

एक मात्र कधीच करू नका. घरमालकाने डावामागे कापून घ्यायचे नाहीत. जुन्या भाषेत त्याला 'नाल' म्हणतात. नाल काढली की तो हॉल राहत नाही, अड्डा होतो. बटाटेवड्यांचे पैसे वेगळे वाटून घ्या.

केळफूल, ८:४०

आम्ही राजमा लावतो. एक राजमा एक रुपया असा हिशेबही नाही. जिंकेल त्याने पुढच्या वेळी भांडी घासायची नाहीत. वकिलीण ताई, चालेल ना?

वकिलीण_बाई, ८:४३

भांडी न घासण्यावर अजून कायदा नाही. :)

टवाळ, ८:५१

राजम्यावर थाप कोण पकडत नाही? सगळेच पकडतात. फुकटचं बघायला काय जातंय? माझ्या मते गुलामरावांचा खरा आजार हाच. पाचशे रुपये त्या हॉलमध्ये राजम्यासारखेच आहेत. संपले की परत पाचशे काढतात ना सगळे? मग कोण पानं टाकेल?

गोटू, ९:१५

टवाळ पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला. आमच्याकडे दोनच वेळा परत बसायचं असा नियम केला आणि दुसऱ्या आठवड्यात खेळ बदलला. शेवटचे पाचशे असलेला माणूस छक्क्यांच्या जोडीवर जिवावर उदार होत नाही.

दुसरं म्हणजे पत्ते बदला. कागदी कॅटवर वड्याचं तेल लागलं की इस्पिकचा राजा पाठीमागून ओळखू येतो. प्लॅस्टिकचा कॅट घ्या, पुसता येतो.

किलवरचा_गुलाम, ९:४८

सगळ्यांचे आभार. वकिलीण ताई, नाल काढत नाही, उलट मित्रालाच वडे महाग पडतात.

हिशेबनीस, अजून एक शंका. दोन आठवड्यांपूर्वी मला अठ्ठ्यांची जोडी होती आणि फ्लॉपवर तिसरी अठ्ठी आली. कोणाला कळू नये म्हणून गप्प बसलो, काहीच लावलं नाही. टर्नलाही गप्प. शेवटच्या पानावर एकाचा स्ट्रेट झाला. दबा धरून बसणं चुकीचं का?

हिशेबनीस, १०:२०

चुकीचं नाही, अनाठायी. दबा कोणासमोर धरायचा? जो तुम्ही पैसे लावले की पळतो त्याच्यासमोर. तुमचे लोक पळतच नाहीत हे तुम्हीच धागा काढून सांगितलंत! मग लपवायचं कोणापासून? लावा शंभर. 'बघूया तरी' येईलच.

हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान मिळणं साधारण साडेआठ वेळांत एकदा होतं. म्हणून लहान जोडी स्वस्तात बघायची, नाही लागली तर टाकून द्यायची. आणि लागली की पहिल्यापासून पैसे आत. तुमच्या टेबलावर लहान जोड्या आणि एक्का व त्याच्याच रंगाचं दुसरं पान, ही पानं व्हिडिओत सांगतात त्याहून जास्त मोलाची आहेत, कारण लागल्यावर पैसे देणारे पाच जण बसलेत. उलट एक्का-दश्शी वेगवेगळ्या रंगांची दिसायला देखणी, पण गर्दीत एका जोडीवर किती लांब जाणार?

फ्लशची वाट बघताना हे लक्षात ठेवा. फ्लॉपला चार बदाम झाले तर नऊ बदाम शिल्लक. पुढच्या एका पानावर लागायची शक्यता पाचात एक, दोन्ही पानं मिळून ३५ टक्के. पॉट २०० चा आणि समोरच्याने १०० लावले, तर तुम्ही १०० देऊन ३०० मिळवायला बघताय. एवढ्यासाठी चारात एकदा तरी लागायला हवं. एकाच पानाचा विचार केला तर थोडं तोट्याचं, पण लागल्यावर तो अजून दोनशे देणारा असेल तर खुशाल बघा. तुमच्याकडे तो देतो.

पश्चिम_रेल्वे, १०:३१

आणि एक राहिलं. जो रात्रभर नुसता 'बघूया' म्हणतोय तो अचानक आपणहून पैसे वाढवतो, तेव्हा काय समजायचं?

हिशेबनीस, १०:३४

उठून पाणी प्यायचं. पानं टाकून.

पश्चिम_रेल्वे, १०:३६

तेच काकांच्या चष्म्याचं म्हणत होतो मी.

सदाफुली, सोमवार, सकाळी ८:५०

मला हे सगळं वाचून जरा कसंतरी झालं. घरात जमलेल्या मित्रांकडून 'किंमत वसूल' करायची? माझा नवरा असाच जिंकायला लागला आणि जाऊबाई यायच्या बंद झाल्या.

अण्णा_गिरगाव, ९:३०

सदाफुली, पोरी, कोजागिरीला मी दहा पैसे पॉइंटने माझ्या सख्ख्या मेहुण्याकडून साडेचार रुपये जिंकलो होतो. तो अजून विषय काढतो. पण येतो.

गोटू, ९:४४

जिंकणाऱ्याने पुढच्या शनिवारचं जेवण मागवायचं. आमच्याकडे एवढ्यावर मिटलं. पैसे फिरून पोटातच जातात.

किलवरचा_गुलाम, पुढचा रविवार, सकाळी ११:०५

काल बसलो होतो. अहवाल देतो.

सगळ्यांचं ऐकलं. थाप एकही नाही. दोनदाच परत बसायचा नियम मांडला, मित्र लगेच हो म्हणाला. वड्यांचा खर्च त्याचा ना! पहिले दोन तास पानंच आली नाहीत. नुसता टाकत बसलो. वहिनी म्हणाल्या, "बरं नाही का?" मग राण्यांची जोडी आली. सत्तर केले, दोघंच आत आले. फ्लॉपला शंभर, टर्नला दोनशे, दोघांनी बघितलं आणि दोघंही हरले. नंतर एकदा गप्प राहणाऱ्या मित्राने आपणहून वाढवलं. माझ्याकडे दोन जोड्या होत्या. पाणी प्यायलो. त्याच्याकडे फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी) निघालं! हिशेबनीस, वाकून नमस्कार.

एकूण ३४० रुपये वर आलो. चार महिन्यांत पहिल्यांदा.

फक्त एका डावाचा वाद राहिलाय. बोर्डवर एक्का, राजा, राजा, राणी, नश्शी. माझ्याकडे एक्का-गुलाम, वहिनींकडे एक्का-दुर्री. दोघांची एक्क्यांची आणि राजांची जोडी. माझा गुलाम मोठा, म्हणून ३७० चा पॉट मी घेतला. सगळे मान्य झाले, कारण अभ्यास मी केलाय. वहिनी मात्र फ्रिजकडे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, अर्धा माझा. बरोबर कोण?

हिशेबनीस, ११:१२

वहिनी.

पाचच पानं धरायची. दोन एक्के, दोन राजे, आणि पाचवं सगळ्यात मोठं पान. ते बोर्डवरची राणी. तुमचा गुलाम राणीपेक्षा लहान, त्यांची दुर्रीही लहान. दोघांचे हात हुबेहूब एक. बोर्डवर राणीच्या जागी दश्शी असती तर तुमच्या गुलामाला मान होता.

टवाळ, ११:१३

चार महिने व्हिडिओ आणि एक फ्रिज. फ्रिज जिंकला.

किलवरचा_गुलाम, ११:३०

१८५ जीपे केले. त्यांनी अंगठा पाठवला आणि खाली लिहिलंय, 'शनिवारी साडेआठला, वडे तुमच्याकडून'.